पांडू, पांडुरंग आणि मेडिकलची फाईल

मी एसटीत वाहक आहे. बार्शी डेपो, एकवीस वर्षं झाली. थोरली पोरगी २०२५ साली एमबीबीएसला लागली, तेव्हापासून डेपोत, टपरीवर, लग्नाच्या पंगतीत लोक गाठून विचारतात, "अभ्यास कसा केला हो पोरीनं?" अभ्यासाचं मला काही सांगता येत नाही. तो तिनं केला, लातूरला खोलीवर राहून. मी फक्त डबे पोचवले. सकाळच्या लातूर गाडीत पहिल्या बाकाखाली पंधरा-वीस डब्यांच्या पिशव्या असायच्या, त्यात एक आमची. कुणाच्या पिशवीवर पेनानं नाव, कुणाच्या बंदाला लाल चिंधी. त्याच डब्यांतल्या एका पोराला माझ्या पोरीपेक्षा चार मार्क जास्त होते. त्याची जातीची पडताळणी वेळेत झाली नाही, तो ओपनमध्ये ढकलला गेला आणि सरकारी सीट हुकली. म्हणून हे लिहायला बसलो. मार्क पोरं आणतात. कागद आपण आणायचे असतात, आणि ते बारावीचा निकाल लागल्यावर आणायला निघालं तर हाताला लागत नाहीत.

आम्ही ओबीसी. अकरावीला कॉलेजच्या फळ्यावर लिहिलं होतं की ज्यांना पुढं राखीव जागेतून प्रवेश घ्यायचाय त्यांनी जात पडताळणीचे अर्ज आत्ताच द्यावेत. मी वाचलं आणि सोडून दिलं. माझ्या शाळेच्या दाखल्यावर जात आहे, पोरीच्या दाखल्यावर आहे, प्रांतांच्या सहीचं जातीचं प्रमाणपत्र लॅमिनेशन करून कपाटात ठेवलंय. आता अजून काय पडताळायचं?

आमच्या डेपोतून रिटायर झालेले एक हेडक्लार्क आहेत. आम्ही त्यांना भाऊसाहेब म्हणतो. त्यांनी मला कँटीनमध्ये बसवून झापलं. "जातीचा दाखला म्हणजे तुझं तिकीट. ते खरं की खोटं हे चेकर सांगणार. पडताळणी म्हणजे चेकिंग. आणि लॅमिनेशन कशाला केलंस? शिक्का कसा तपासायचा माणसानं?"

मग त्यांनी तारीख सांगितली. ओबीसीला १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा पुरावा लागतो. विमुक्त जाती-भटक्या जमातींना २१ नोव्हेंबर १९६१, अनुसूचित जाती-जमातींना १९५०. म्हणजे त्या तारखेच्या आधी आपल्या बापजाद्याच्या नावापुढं जात लिहिलेला एक तरी सरकारी कागद पाहिजे. माझा जन्म १९७६ चा. माझा दाखला या हिशेबात निव्वळ आधाराला. भावकीत कुणाची पडताळणी झालेली असती तर तिची प्रत जोडून काम सोपं झालं असतं. आमच्या भावकीत मेडिकल-इंजिनिअरिंगच्या वाटेला कुणी गेलंच नव्हतं.

वडील वारले त्याला बारा वर्षं झाली. ते गावच्या शाळेत चौथीपर्यंत शिकले होते एवढं माहीत होतं. एका रजेच्या दिवशी गावी गेलो. शाळेच्या बाईंनी लोखंडी ट्रंक उघडून प्रवेश निर्गमचं जुनं रजिस्टर काढलं. पानं तांबडी झालेली, कडा वाळवीनं खाल्लेल्या. १९४८ सालात नोंद सापडली आणि माझा आनंद अर्धा मिनिट टिकला. जात बरोबर लिहिलेली होती. नाव मात्र 'पांडू भाऊ'. माझ्या सगळ्या कागदांवर वडिलांचं नाव पांडुरंग भाऊराव. जन्मतारीखसुद्धा त्यांच्या मतदार कार्डाशी जुळेना.

मी बाईंना म्हटलं, "तेवढं पांडुरंग करून देता का उताऱ्यावर?" बाई हसल्या आणि नाही म्हणाल्या. त्या बाईंचे उपकार आहेत. भाऊसाहेब नंतर म्हणाले, मूळ रजिस्टरात एक आणि उताऱ्यात दुसरं निघालं असतं तर सगळं प्रकरणच संशयात गेलं असतं. जसं आहे तसं घ्यायचं आणि पांडू म्हणजेच पांडुरंग हे दुसऱ्या कागदानं दाखवायचं. नुसत्या प्रतिज्ञापत्रावर भागतं असं लोक सांगतात. जोडीला कागद असेल तर ते प्रतिज्ञापत्र उभं राहतं.

तो कागद माझ्या थोरल्या बहिणीमुळं सापडला. अक्का १९५९ ची. गाव नमुना १४ म्हणजे गावचं जन्म-मृत्यूचं जुनं रजिस्टर, ते तहसीलच्या रेकॉर्ड रूममध्ये असतं. तिथं अर्ज करून तिच्या जन्माची नक्कल काढली. बापाचं नाव पांडू भाऊ, जात लिहिलेली. मग अक्काच्या शाळेचा उतारा काढला, १९६५ चा. तिथं बापाचं नाव पांडुरंग. पोरगी एक, जन्मतारीख एक, बापाची नावं दोन. म्हणजे बाप एकच. दिवसाच्या तिकिटांचा हिशेब, म्हणजे वेबिल, जुळल्यावर जो हुश्श येतो ना, तसं झालं. तहसीलच्या पायऱ्यांवर बसून मी भाऊसाहेबांना फोन लावला.

वंशावळ लिहिणं त्याहून अवघड गेलं. पणजोबांपासून सगळी नावं मांडायची, प्रतिज्ञापत्रावर. मी चुलतभावाकडं गेलो, त्याच्या घरच्यांची नावं आणि त्याच्या वडिलांचा दाखला मागितला. वंशावळ म्हटल्यावर त्याला वाटलं जमिनीचं काहीतरी आहे. "कशाला जुने कागद उकरतोस?" म्हणाला. दोन चकरा मारल्या, चहा दिला, दाखला दिला नाही. दाखल्याशिवायच अर्ज केला. ऑनलाइन भरायचा, प्रिंट काढायची, कॉलेजच्या प्राचार्यांची सही-शिक्का घ्यायचा, मूळ कागद घेऊन जिल्ह्याला जायचं. तिथून एक त्रुटी निघाली आणि ती आमचीच चूक होती: बिनलग्नाचे वारलेले एक चुलत आजोबा मी वंशावळीत धरलेच नव्हते. ते दुरुस्त केलं. अर्ज दिल्यापासून प्रमाणपत्र हातात येईपर्यंत सात महिने गेले. ते आलं तेव्हा पोरगी बारावीच्या अर्ध्यात होती, आणि ते सात महिने तिला कळलेही नाहीत. मला विचाराल तर या सगळ्यात मी एवढं एकच काम नीट केलं.

बाकीचे कागद सोपे, पण प्रत्येकात एक खुंटी असते. डोमिसाईल आधीच काढून ठेवलं. नॉन-क्रिमीलेअर, म्हणजे घरचं उत्पन्न मर्यादेच्या आत असल्याचं ओबीसीचं प्रमाणपत्र, ती दोन लागतात हे मला कुणी सांगितलं नव्हतं. राज्याच्या ८५ टक्के जागांसाठी राज्याच्या नमुन्यातलं, पुढच्या ३१ मार्चपर्यंत चालणारं. दिल्लीहून भरल्या जाणाऱ्या १५ टक्के जागांसाठी केंद्राच्या नमुन्यातलं, चालू आर्थिक वर्षात काढलेलं. आणि आपली जात केंद्राच्या ओबीसी यादीतही आहे का हे बघावं लागतं, कारण राज्याच्या यादीतल्या सगळ्या जाती तिथं नाहीत. आमची आहे.

नीटचा फॉर्म पोरीनं लातुरात नेटकॅफेतून भरला. कॅफेवाल्या पोरानं ई-मेलच्या रकान्यात स्वतःचाच ई-मेल टाकला होता, घाईत. शेवटचं बटण दाबायच्या आधी वाचून बघताना पोरीच्या लक्षात आलं. नाहीतर आमचे सगळे निरोप त्याच्याकडं गेले असते आणि त्यानं रोज असे पन्नास फॉर्म भरलेले. तेव्हापासून नियम केला: मोबाईल माझा, ई-मेल तिचा, पासवर्ड वहीत. आणि फॉर्मवर जो फोटो लावला त्याच्याच वीस प्रती काढून ठेवल्या, कारण प्रवेशाच्या वेळी तोच फोटो मागतात. आधारवर नाव सरळ, दहावीच्या मार्कशीटवर आडनाव आधी, त्याचं काही अडलं नाही. अडलं ते आईच्या नावापाशी. इंग्रजीत एका ठिकाणी एक ए जास्त. ते आधारवर बदलून घेतलं. दहावीच्या मार्कशीटला हात लावायचा नाही, बाकीचे कागद तिच्याप्रमाणं करायचे.

परीक्षा ४ मे २०२५ ला झाली. बाहेर आली तेव्हा तोंड उतरलेलं. "फिजिक्सनं मारलं," एवढंच म्हणाली. सगळीच पोरं रडत होती, पण आपलं पोरगं रडताना दुसऱ्यांची दिसत नाहीत. १४ जूनला निकाल लागला. ७२० पैकी ५१२.

त्या दिवशी आमच्या घरात चूल पेटली नाही म्हटलं तरी चालेल. कारण २०२४ ला माझ्या मेहुण्याच्या पोराला ६०० च्या वर मार्क होते आणि त्याला सरकारी मिळालं नव्हतं. ६०० वाला गेला तर ५१२ चं काय? मेहुण्याचाच फोन आला, "रिपीट करू द्या, किंवा बीएएमएस बघा." मी बीएएमएसची चौकशी सुरूही केली होती.

पोरगी दोन दिवसांनी खोलीतून बाहेर आली आणि म्हणाली, "पप्पा, मार्क बघू नका. रँक बघा." २०२४ चा पेपर सोपा होता, मार्कांचा नुसता पूर आला होता, सुरुवातीच्या निकालात तर पैकीच्या पैकी घेणारे ६७ जण होते. २०२५ ला देशात पहिला आला त्यालाच ६८६. म्हणजे सगळा जिनाच खाली सरकला होता. गेल्या वर्षी ज्या रँकला जे कॉलेज मिळालं, साधारण त्याच रँकला यंदा मिळणार, मार्क काही का असेनात. राज्याची गुणवत्ता यादी लागल्यावर तर राज्याचाच मेरिट नंबर हातात आला. राज्यातले प्रवेश करणाऱ्या सीईटी सेलच्या गेल्या वर्षीच्या निवड याद्या सगळ्यांना बघायला असतात. त्यात कुठल्या नंबरला, कुठल्या प्रवर्गातून, कुठलं कॉलेज हे ओळीनं लिहिलेलं असतं. तिनं त्या याद्या काढल्या आणि जुन्या डायरीत कॉलेजवार ओबीसीचा शेवटचा नंबर लिहिला, पहिल्या फेरीचा वेगळा, दुसऱ्या फेरीचा वेगळा. चार रात्री गेल्या त्यात. एका काउन्सेलिंगवाल्यानं याच कामाचे पंचवीस हजार सांगितले होते.

मग पसंतीक्रम. इथं आमचं खरं भांडण झालं.

तिनं पहिलं नाव लिहिलं केईएमच्या सेठ जीएस कॉलेजचं. दुसरं जेजेचं ग्रँट. तिसरं पुण्याचं बीजे. मी म्हटलं, "तिथं लागणार आहे का तू?"

"नाही."

"मग?"

"मग काय? लिहायला काय जातंय?"

मला वाटायचं, पहिले नंबर वाया घालवले की मागचे हातचे जातात. माझ्यासारखं वाटणारे ढीगभर पालक आहेत. त्या काउन्सेलिंगवाल्याचाही सल्ला तोच होता, आवाक्यातलीच लिहा म्हणून. पोरीनं मला माझ्याच भाषेत समजावलं. "पप्पा, गाडी भरताना तुम्ही रांगेनं माणसं आत घेता. माझा नंबर आला की मला विचारता, कुठली सीट? मी म्हटलं खिडकीची. खिडकी भरली असेल तर तुम्ही म्हणता का, आता खाली उतर? नाही. पुढची विचारता. माझ्या मागच्याला माझ्याआधी सीट मिळत नाही. खिडकी मागितली म्हणून माझी रांग जात नाही." संगणक तसंच करतो. मेरिटमधल्या पहिल्यापासून सुरू करतो, ज्याचा नंबर आला त्याची यादी वरून खाली बघतो, पहिली रिकामी सापडली की दिली. त्यामुळं यादी आपल्या आवडीच्या क्रमानं लिहायची. आपल्याला काय मिळेल याचा अंदाज त्या क्रमात घुसवायचा नाही. उलटं झालं तर मात्र भरपाई नाही: नको असलेलं वर लिहिलं आणि तेच मिळालं तर गेलं. आणि पहिल्या क्रमांकाची पसंती मिळाली की पुढच्या फेऱ्यांतून आपण बाहेर, हेही ध्यानात ठेवायचं.

हे पटलं. पुढचं पटायला वेळ लागला. बार्शीपासून धाराशिव तासा-दीड तासावर. तिथं सरकारी मेडिकल कॉलेज झालंय. माझ्या मनात तेच होतं, रोज डबा पाठवता आला असता. तिनं अंबाजोगाई वर लिहिलं आणि धाराशिव खाली.

"तिकडं काय ठेवलंय?"

"पेशंट," म्हणाली.

यावर मी गप्प बसलो, कारण अंबाजोगाई गाडीची ड्यूटी मी केलेली आहे. स्वामी रामानंद तीर्थांच्या नावाचं ते कॉलेज, सत्तरच्या दशकातलं. खेड्यापाड्यासाठीचं आशियातलं पहिलं मेडिकल कॉलेज म्हणून तिकडची माणसं अभिमानानं सांगतात. त्या गाडीत दर फेरीला मांडीवर एक्स-रेचं पाकीट घेतलेलं कुणीतरी असतंच. केजपासून, कळंबपासून, कुठून कुठून. एवढी माणसं जिथं जातात तिथं शिकायला मिळणार, हे मला डायरीतल्या आकड्यांपेक्षा लवकर कळलं.

टपरीवरच्या सल्ल्यांचं एक सांगतो. अजूनही लोक म्हणतात, बारावी लातूरची म्हणजे मराठवाड्याच्या कोट्यातून लागेल. तो सत्तर-तीसचा विभागवार कोटा २०२० सालीच गेला. कित्येक वर्षं झाली, सल्ला तोच चालू आहे.

पहिल्या फेरीत नंदुरबार मिळालं. यादीत बरंच खाली होतं. पण सरकारी होतं, आणि आमच्या घरात त्या दिवशी पेढे आले. मेहुण्याला मीच फोन केला.

रात्रभर गाड्या बदलत, धुळ्यावरून नंदुरबारला पोचलो. पोरगी, मी आणि ती निळी फाईल. फाईल मी मांडीवरून खाली ठेवली नाही, पैशाच्या बॅगेसारखी. कॉलेजातले लोक चांगले होते, पाणी विचारलं, बसायला दिलं. मूळ कागद एकेक करून बघितले. पडताळणीच्या प्रमाणपत्राशी आले तेव्हा माझ्या पोटात गोळा, पण त्यांनी नंबर तपासला, टिक केलं आणि पुढं गेले. सात महिन्यांचं काम, दहा सेकंदात संपलं. मेडिकल फिटनेस, बाँड. सरकारी कॉलेजातून शिकलं की एक वर्ष सरकारी सेवा करायची, नाहीतर दहा लाख भरायचे, असा तो बाँड. पोरीनं वाचून सही केली, मी न वाचता.

शेवटी टेबलावरच्या साहेबांनी विचारलं, "स्टेटस रिटेन्शन भरायचंय का?"

हा फॉर्म भरला की ही सीट पक्की आणि पुढच्या फेऱ्या बंद. नाही भरला तर ही सीट आपलीच राहते, पण दुसऱ्या फेरीत यादीत वरचं काही रिकामं झालं तर तिकडं जावंच लागतं, इथली आपोआप रद्द होते. मी दमलो होतो. दोन दिवस रजा गेली होती. समोर खुर्ची, पेन, एक सही, आणि सगळा घोर मिटला असता. मी पेन उचललंही.

"पप्पा, नको," पोरगी म्हणाली. "वरचं मिळालं नाही तर ही सीट जात नाही."

"आणि मिळालं आणि नको वाटलं तर?"

"नको असलेलं वर लिहिलंच नाही आपण."

पेन खाली ठेवलं. आजूबाजूला तीन-चार पालकांनी मात्र सह्या केल्या. एकाला तर मी बोललो, तो म्हणाला, हातातलं सोडून पळत्यापाठी कशाला. त्याची चूक म्हणणार नाही. त्याला कुणी सांगितलंच नव्हतं की हातातलं सुटत नाही.

दुसऱ्या फेरीच्या पसंतीक्रमात नंदुरबारच्या वरची नावं तेवढी ठेवली, खालची सगळी काढली. यादी लागली तेव्हा मी पंढरपूर गाडीवर होतो. कुर्डूवाडी स्टँडवर फोन वाजला. अंबाजोगाई. गाडीत गर्दी होती, एक म्हातारी अर्धं तिकीट मागत होती, मी तिला मशीनमधून भलतंच तिकीट काढून दिलं आणि फरकाचे पैसे माझ्या खिशातून भरले.

मग पुन्हा नंदुरबार. मूळ कागद तिथं जमा होते, ते सोडवून आणायचे होते. सुटकेचं पत्र, कागद, उलट्या पावली धुळं, आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळच्या आत अंबाजोगाई. तिथंही तेच टेबल, तोच क्रम. आता मी सराईत झालो होतो; रांगेत मागच्या एका बाईंना फोटोच्या दोन प्रती कमी पडत होत्या, तर त्यांना झेरॉक्सचं दुकान कुठं आहे हे मीच सांगितलं, गावात येऊन तासही झाला नव्हता.

फाईल आता रिकामीच आहे, मूळ कागद कॉलेजात. झेरॉक्सचे तीन संच घरी आहेत. धाकटा नववीत आहे. कधी इंजिनिअर म्हणतो, कधी क्रिकेट. काही का होईना, बहिणीचं पडताळणीचं प्रमाणपत्र जोडायला आहे, त्याला तहसीलच्या पायऱ्या चढाव्या लागणार नाहीत.

गेल्या आठवड्यात चुलतभावाचा फोन आला. त्याचा पोरगा लातूरला अकरावीत आहे, कॉलेजच्या फळ्यावर काहीतरी लिहून लावलंय म्हणे. आधी पाऊसपाण्याचं बोलला, मग सोयाबीनच्या भावाचं, मग म्हणाला, "दादा, ते आपल्या पांडूकाकाचे कागद आहेत म्हणं तुझ्याकडं. आणि पोरीच्या त्या प्रमाणपत्राची एक झेरॉक्स..."

मी म्हटलं, "तुझ्या बापाचा दाखला आधी काढ. वंशावळीत तुझी सगळी नावं मी घातलेलीच आहेत. झेरॉक्स उद्या सकाळच्या लातूर गाडीत ठेवतो, पोराला म्हणावं डब्याबरोबर उतरून घे."